आवककाकांचा जॅक

होम थिएटरच्या मागच्या बाजूला एकंदर एकोणीस भोकं होती आणि हेडफोनची पिन त्यांतल्या एकातही बसत नव्हती. आवककाकांनी हे दोनदा तपासलं. दुसऱ्या वेळी तर त्यांनी हवा जाण्यासाठी ठेवलेल्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. शेवटी ते टीव्हीच्या कपाटामागे असे काही अडकले की सुनेला त्यांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढावं लागलं. सुनेनं सासऱ्याचे पाय धरण्याचा त्या घरातला हा पहिलाच प्रसंग.

"बाबा, नक्की काय शोधताय?"

"जावक," काका म्हणाले.

काकांनी चौतीस वर्षं एका कचेरीत आवक टेबलावर काढली होती. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पुढे ढकलायचा. शेजारचं जावक टेबल दुसऱ्या एका गृहस्थांकडे होतं आणि त्यांच्याशी काका शेवटची अकरा वर्षं बोलत नव्हते. अशा माणसाला जगातल्या सगळ्या वस्तू दोनच प्रकारच्या दिसतात, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या. आख्खी इमारत त्यांना आवककाका म्हणायची आणि काकांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. तर होम थिएटरची ती लाल, पांढरी, पिवळी भोकं त्यांनी नीट पाहिली आणि ती सगळी आवक निघाली. जावक होती ती फक्त पाच स्पीकर आणि धमधम वाजणारा एक ठोकळा यांच्या नावे राखीव. खासगी माणसासाठी जावकच नव्हती.

हा सगळा खटाटोप एका डीव्हीडीपायी चालला होता. आठ वर्षांपूर्वी काकांच्या साडूंनी नवा कॅमेरा घेतला आणि तो चालतो की नाही हे बघायला ते यांच्या घरी आले. कॅमेऱ्यासमोर बसायला कुणी तयार होईना, म्हणून काकूंना बसवलं आणि काहीतरी बोला म्हणून सांगितलं. काकू काहीतरी बोलल्या. अकरा मिनिटं बोलल्या. कॅमेरा चालतो अशी खात्री पटल्यावर सगळ्यांनी चहा घेतला आणि साडूंनी नंतर कधीतरी त्याची डीव्हीडी करून, तिच्यावर स्केचपेननं 'चाचणी' असं लिहून, ती देऊन टाकली.

चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या. मागच्या पंधरवड्यात कपाटातल्या अंथरलेल्या कागदाखाली काकांना 'चाचणी' सापडली. काकूंचा आवाज म्हणून जगात आता तेवढाच शिल्लक होता.

काकांनी ती भर दुपारी हॉलमध्ये लावली. मुलानं हौसेनं आणलेला होम थिएटर. काकू घरात बोलायच्या त्याच्या तिप्पट मोठ्यानं बोलू लागल्या. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. सून दारात येऊन उभी राहिली, तोंडावर पदर नाही म्हणून हातातलं फडकंच धरून. दुसऱ्या मिनिटाला समोरच्या बाई आल्या. चौथ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या दोघी. सहाव्या मिनिटाला हॉलमध्ये नऊ माणसं होती, त्यांतल्या चौघींनी डोळ्यांना रुमाल लावला होता आणि एका गृहस्थांनी, जे चार महिन्यांपूर्वीही येऊन गेले होते, काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं होतं, "कधी गेल्या म्हणालात?" मग कुणीतरी डीव्हीडी थांबवली, कुणीतरी पाणी आणलं, आणि काकांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं: दवाखाना, रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले.

दुःखाची आवक काकांनी बिनतक्रार स्वीकारली होती. पण दर वेळी त्याची नऊ जणांना पोच द्यायची म्हणजे जास्त होत होतं.

आवाज बारीक करून पाहिला. तर स्वयंपाकघरात भांडीसुद्धा वाजेनाशी होत. सून कान देऊन उभी आहे हे भिंतीपलीकडून कळायचं. तिचा सासूवर जीव होता. दोन दिवस तिचे डोळे सुजलेले पाहिल्यावर काकांनी ठरवलं, आपण हेडफोन लावून ऐकायचं. मुलाच्या खणात एक होता, लांबलचक वायरचा. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. त्याचा लॅपटॉप त्याच्याबरोबर, आणि असता तरी त्याला डीव्हीडी घालायला तोंडच नव्हतं. टीव्ही भिंतीला असा चिकटवून बसवलेला की मागे बोट जात नव्हतं. राहता राहिला होम थिएटर.

समोरच्या बाईंचे यजमान इंजिनिअर होते. त्यांची हयात सांडपाण्याच्या योजनांत गेली होती, पण इंजिनिअर म्हटल्यावर इमारतीतलं सगळंच त्यांच्याकडे जायचं. ते दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन आले, कपाटामागे डोकावले आणि म्हणाले, "सोपं आहे. एका टोकाला लाल-पांढरं आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक, अशी वायर मिळते."

"पण लाल-पांढरं तिथं आवक आहे," काका म्हणाले.

"काका, पाइप तो पाइप. ज्यातून पाणी आत येतं त्यातून ते बाहेरही येतं. उतार द्यावा लागतो फक्त."

वायर आणली. लावली. काकांनी हेडफोन चढवला आणि अर्धा तास शांतता ऐकली. इंजिनिअर सारखं "येतंय?" असं खुणेनं विचारत होते आणि काका मान हलवत होते. शेवटी इंजिनिअरांनी होम थिएटर चार इंच वर उचलून मागच्या बाजूला तिरका धरला. उतारासाठी. तरीही काही आलं नाही.

"चोकअप असेल," असं म्हणून ते घरी जेवायला गेले.

काकांचं म्हणणं खरं ठरलं होतं. नोकरीच्या चौतीस वर्षांतही असा निर्विवाद विजय त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. विजय सांगायला कुणी नव्हतं.

मग त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं मॉडेलचा नंबर विचारला, गाणं ऐकवलं, परत आली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, हेडफोन लागणार नाही. तुमच्याकडे जॅक नाहीये."

हेच वाक्य त्यांनी आयुष्यात तीन वेळा ऐकलं होतं. पहिल्यांदा हेडक्लार्कची जागा निघाली तेव्हा, दुसऱ्यांदा तीच जागा पुन्हा निघाली तेव्हा आणि तिसऱ्यांदा, बदली मागितली तेव्हा. तुमची सेवा उत्तम आहे हो, पण तुमचा जॅक नाही. ज्याचा वरच्या मजल्यावर मामा होता तो जावकवाला हेडक्लार्क झाला आणि काका आवक घेत राहिले. हेडफोनच्या टोकाला काका आपले पिन म्हणायचे. जॅक म्हणजे वशिला, हा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता आणि तो त्यांनी भोगलेला होता.

"एवढ्याशा कामालाही जॅक लागतो?" ते म्हणाले.

"जॅकशिवाय होतच नाही सर."

"तुम्ही हे असं उघड सांगता?"

"माहितीपुस्तिकेतही दिलंय सर."

काकांनी फोन ठेवला. जग कुठे गेलं आहे हे त्यांना कळलं होतं, पण ते छापण्यापर्यंत गेलं आहे याची कल्पना नव्हती. त्यांनी स्वाभिमानानं तीन दिवस काही केलं नाही. चौथ्या दिवशी त्यांना काकूंचा आवाज आठवेना. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. काकांच्याच आवाजात काकू बोलत होत्या. ते उठले, शर्ट घातला आणि साडूंकडे गेले.

ओळखी ठेवणं हा साडूंचा छंद होता. काही लोक नाणी जमवतात, ते माणसं जमवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले.

"सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर ना? त्याचा सासरा सकाळी माझ्याबरोबर बागेत हसायला येतो."

"हसायला?"

"हास्य क्लब हो. माझ्या शेजारीच उभा असतो. काम झालं समजा. पण तुम्हीही कमाल करता, इतकी वर्षं मी असताना जॅक नाही म्हणून रडत बसलात."

लगेच लेटरहेड निघालं. साडू सांगत गेले आणि काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पत्रवाहक हे माझे निकटचे नातेवाईक असून त्यांचा होम थिएटर केवळ जॅकअभावी प्रलंबित आहे. तरी योग्य तो जॅक लावून त्यांस हेडफोनचा लाभ मिळवून द्यावा, ही विनंती.'

आयुष्यात पहिल्यांदा वशिल्याची चिठ्ठी खिशात घालून काका सर्व्हिस सेंटरमध्ये शिरले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. खिडकीवरच्या मुलीला त्यांनी चिठ्ठी दिली ती काचेखालच्या फटीतून, मुठीत लपवून. मुलीनं ती टेबलावर पसरून वाचली. तिला तीत काहीच गैर दिसलं नाही. उलट, इतकी स्पष्ट तक्रार गेल्या वर्षभरात कुणी लिहून आणली नव्हती.

"जॅक लावायचाय. बरोबर," ती म्हणाली आणि तिनं चिठ्ठीवर शिक्का मारून क्रमांक टाकला.

काका बघत राहिले. वशिल्याची चिठ्ठी राजरोस आवक झाली होती. असं काही त्यांच्या कचेरीत झालं असतं तर चौकशी लागली असती.

"लावून देतो सर आम्ही बाहेरून. फक्त वॉरंटी जाईल. हा फॉर्म भरा. हेडफोन कशासाठी हवाय ते लिहायचं."

फॉर्मवर तीन चौकोन होते: वैद्यकीय, शेजाऱ्यांची तक्रार, इतर. काकांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे 'खासगी' असं लिहिलं.

"खासगी चालत नाही सर. कॉम्प्युटर घेत नाही. कारण सांगा, मी टाकते."

मागे रांगेत सहा माणसं उभी होती. काका खिडकीच्या भोकाशी तोंड नेऊन पुटपुटले.

"मोठ्यानं बोला सर, काच आहे मध्ये."

"बायकोचा आवाज ऐकायचाय," काका म्हणाले. काचेमुळे ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

मागे मिक्सर हातात धरलेला एक माणूस मिश्किल आवाजात म्हणाला, "नशीब काढलंत काका. आमचं बटणच सापडत नाही बंद करायचं." रांग हसली. मुलीनंही हसत टाइप करता करता विचारलं, "का, मॅडम घरी नसतात का?"

"नसतात," काका म्हणाले. "चार महिने झाले."

रांगेतलं हसणं कुणीतरी सोंगटी उचलावी तसं उचललं गेलं. मिक्सरवाल्यानं मिक्सर या हातातून त्या हातात घेतला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला एवढंच सुचलं, "काका, माझ्या नंबरावर या. तुमचं आधी होऊ दे." काका आधीच पहिले होते. तरी ते त्याला बरं म्हणाले.

मुलीनं कारणाच्या रकान्यात काय टाइप केलं ते काकांना दिसलं नाही. पण तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी यायचा तो दुसऱ्याच दिवशी सकाळी आला.

साठीला टेकलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, फार न बोलणारा माणूस. त्यानं होम थिएटरची पाठ उघडली, आत पाहिलं आणि मान डोलावली. तेवढ्यात इंजिनिअर आले, साडू आपल्या जॅकचं काम पाहायला आले, समोरच्या बाई साडूंच्या मागून आल्या. तंत्रज्ञानं पुढच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरींतून दोन फाटे काढले, मध्ये आवाज बेताचा करणारे दोन बारीक तुकडे डागले, एक बटण बसवलं आणि हरभऱ्याएवढं एक भोक खोक्याच्या कडेला पक्कं केलं.

"हा तुमचा जॅक," तो म्हणाला.

काका त्या भोकाकडे, मग साडूंकडे, मग पुन्हा भोकाकडे पाहत राहिले. तीन मिनिटांनी त्यांना सगळं उलगडलं. साडूंना उलगडलं नाही. ते इंजिनिअरांना सांगत होते, "हास्य क्लबची ताकद आहे ही."

"आता ऐका," तंत्रज्ञानं बटण दाबलं. स्पीकर मुके झाले. काकांनी हेडफोन चढवला. पडद्यावर काकू आल्या, पदर सारखा केला, बोलू लागल्या. चार माणसं काकांच्या तोंडाकडे पाहत उभी होती.

"येतोय का आवाज?" साडूंनी विचारलं.

"येतोय," काका म्हणाले.

येत होता. पंख्याचा येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती येत होती. डाव्या कानात खुर्ची करकरत होती. काकूंचे ओठ हलत होते आणि त्यांतून काहीच येत नव्हतं. मग डाव्या कानात, अगदी जवळ, एक पुरुष म्हणाला, "अगं, पण मुद्दा काय?"

काकांनी दचकून डावीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. आवाज त्यांचाच होता, आठ वर्षांपूर्वीचा. स्पीकरवर काकूंच्या आवाजापुढे तो त्यांच्या कानांत शिरलाच नव्हता. चौकटीबाहेर, डाव्या हाताच्या खुर्चीत ते बसलेले होते हे त्यांना आता आठवलं.

सगळे गेल्यावर ते पुन्हा बसले आणि पूर्ण अकरा मिनिटं ऐकली. "हे मागे सांगितलंयस." "बरं, बरं." "नाव काय त्या दुकानाचं? ते सांगत नाहीस आणि." "आवर." काकू मध्येच थांबायच्या, डावीकडे बघायच्या, पुन्हा सुरू करायच्या. काकांनी सवयीनं कागद घेऊन रेघा ओढल्या. अकरा मिनिटांत सतरा. शेवटची होती, "पुरे आता, मशीन चालतंय ना, मग झालं." त्यावर काकू हसल्या होत्या. निदान तसं दिसत होतं.

सुनेनं जेवायला बोलावलं तेव्हा ते म्हणाले, भूक नाही.

"काय झालं बाबा? आईंचा आवाज नीट येत नाही का?"

"माझा येतो," काका म्हणाले.

तंत्रज्ञ दोन दिवसांनी परत आला. त्यानं हेडफोन कानाला लावला, पडद्यावरच्या काकूंकडे पाहिलं आणि त्याच्या लगेच लक्षात आलं.

"माझी चूक आहे ही. मशीन मधला आवाज मधल्या स्पीकरला पाठवतं, मी फाटे काढले बाजूच्या दोघांतून. बाई मधोमध बसल्यात ना, त्या सगळ्या मधल्यातच गेल्या. मेनूत एक खूण बदलली की दोन्ही एकत्र येतील. मिनिटाचं काम."

"दोन्ही म्हणजे?"

"त्याही आणि बाजूला जे बोलतायत ते गृहस्थही."

काकांनी विचारलं, "उलटं होतं का हो?"

"उलटं?"

"फक्त मधला आवाज ठेवायचा. बाजूचा गृहस्थ नको."

तंत्रज्ञानं चष्मा डोळ्यांवरून खाली सोडला. गृहस्थ कोण ते त्यानं विचारलं नाही. तीस वर्षं लोकांच्या घरातले आवाज दुरुस्त करत होता तो.

"होतं की. फाटा मधल्यातून काढतो. पण एकच वायर आहे ती. एकाच कानात येईल."

"चालेल."

"कुठला कान ठेवू?"

"कुठलाही ठेवा. दोन्ही तसे कमीच वापरलेत."

वीस मिनिटांत काम झालं. तंत्रज्ञ गेला. सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. सुरीचा आवाज काकांना रिकाम्या कानात नीट येत होता. त्यांनी खुर्ची पडद्यासमोर ओढून घेतली आणि सुरू केलं.

काकू डेंटिस्टकडे गेल्या होत्या. तिथल्या बाकावर दोन अगदी सारख्या पिशव्या होत्या. दाढ बधिर केलेली, डोकंही जरा बधिरच, त्यांनी उचलली ती दुसरीच पिशवी. घरी येऊन बघतात तर आत एकच बूट. डाव्या पायाचा. नवा कोरा. मग काकू तो बूट घेऊन ज्या बाईचा असेल तिला शोधायला निघाल्या, आधी डेंटिस्टकडे, मग बुटांच्या दुकानात. दुकानात जाताना वाटेत कोण भेटलं, तिच्या मुलीचं काय चाललंय, हेही आलं. आठ वर्षांपूर्वी याच ठिकाणी मुद्दा काय असं विचारलं गेलं होतं. आता तिथे काहीच नव्हतं. नुसती जागा होती.

काकू त्या जागेशी येऊन थांबल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं.

"सांगू ना पुढे?" त्यांनी विचारलं.

"सांग," काका म्हणाले.

सुरी थांबली. "मला म्हणालात का, बाबा?"

काकांनी पडद्यावरची नजर न काढता नाही असा हात केला. काकू क्षणभर थांबून पदर सारखा करत होत्या. मग त्या पुढे सांगू लागल्या, दुकानदार काय म्हणाला ते.